वरच्या वॉर्डातला गालिचा

१

चोरी झाली होती मानसोपचाराच्या दवाखान्यात, आणि चोरीला गेलं होतं काय, तर एक टक्कल पडलेला गालिचा!

"टक्कल म्हणजे?" चौकशीबाईंनी विचारलं.

"म्हणजे पार झिजलेला. भंगारवाल्याला फुकट दिला असता तरी त्यानं नाक मुरडलं असतं," मोठे डॉक्टर म्हणाले.

चौकशीबाईंची उभी हयात विमा कंपनीत गेली होती. जळालेली गोदामं, भिजलेला माल, पळवलेल्या गाड्या. खरं काय आणि बनाव काय, हे त्या जागेवर जाऊन ठरवायच्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा बरं, म्हणून लहानसहान खासगी कामं घ्यायच्या. खरं नाव घरच्यांशिवाय कोणी घेत नसे. गुडघा सदा कुरकुरायचा, आणि त्याच्यापायी बाईही.

आज तर डॉक्टरांच्या खोलीत शिरतानाच दाराशी भांडण झालं होतं. दार अर्ध्यावर येऊन अडलं. खांदा लावून रेटलं तेव्हा खालच्या जाड गालिच्यावर घासत कसंबसं उघडलं, आणि आत पाऊल टाकताच चप्पल अडकून बाई तोंडावर आपटता आपटता वाचल्या. "दार फुगलंय हो," डॉक्टरांनी घाईनं सांगितलं. बाहेर उन्हानं जीव नकोसा झाला होता. तरी फुगलं असेल बापडं, असं म्हणून बाईंनी खुर्ची गाठली.

डॉक्टरांनी हकिगत सांगितली. दवाखान्याला दोन मजले. दोन्हीकडे रुग्णांच्या बैठकीच्या खोलीत एकसारखे गालिचे, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले. खालच्या वॉर्डात नेहमीची जुनी औषधं चालायची. वरच्या वॉर्डात एका मोठ्या कंपनीच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती. ती गोळी मन शांत करते, असं कंपनीचं म्हणणं. टेबलावरच्या पेनांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाणी प्यायच्या ग्लासांवरसुद्धा त्या एकाच गोळीचं नाव छापलेलं होतं. येत्या सोमवारी कंपनीच्या खर्चानं वरच्या वॉर्डात नवी चकचकीत फरशी बसणार होती. आणि गेल्या रविवारी, रुग्ण खाली नातेवाइकांना भेटायला गेलेले असताना, वरचा गालिचा गायब झाला.

"पोलिसांत का दिलं नाहीत?"

"नको. दवाखान्याचं नाव खराब होतं."

"मग मला तरी कशाला बोलावलंत? तो तुम्ही टाकूनच देणार होता."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. "कोणी नेला यापेक्षा का नेला, ते मला हवंय. आणि ते तुमच्या अहवालात स्पष्ट लिहा. काही हातचं राखू नका."

तऱ्हेवाईकच गिऱ्हाईक आहे, असं मनात म्हणत चौकशीबाई बाहेर पडल्या, तोच एका तरुण बाईनं त्यांचा हात घट्ट धरला.

"गालिच्याचं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "माझ्या ताईला वाचवा. संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

२

ती होती वरच्या वॉर्डातल्या एका रुग्णाची धाकटी बहीण. चौकशीबाईंनी तिला बाकावर बसवलं, पाणी पाजलं, आणि मगच बोलू दिलं.

"ताई शिवणकाम करते. सगळे तिला शिवणबाईच म्हणतात. मेहुणे गेले आणि तिची झोप उडाली. जेवेना, बोलेना. शून्यात बघत नुसती बसून राहायची. म्हणून इथं आणली. नवीन गोळी चालू केली, आणि तेव्हापासून तिचं बसणंच बंद झालं."

"बंद म्हणजे?"

"चालते. सारखी चालते. जेवतानासुद्धा दोन घास खाल्ले की उठते. अहो, जन्मभर मशीनवर बसलेली बाई ती! घराला आग लागली तरी हातातली शिलाई संपवून उठेल अशी. आता मी भेटायला गेले तर मला तिच्या मागे मागे फिरावं लागतं." धाकटीनं डोळे पुसले. "डॉक्टर म्हणतात, आजार वाढलाय. आज संध्याकाळपासून गोळी दुप्पट. आणि त्यानंही थांबली नाही तर बंद वॉर्डात. तिथं खाटेला बांधतात म्हणे."

"तुम्ही विचारलंत का त्यांना, की गोळीनंच तर होत नाही ना?"

"विचारलं ना! सिस्टर हसल्या. नातेवाइकांना असंच वाटतं म्हणाल्या." ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वरच्या वॉर्डात पोस्टमनकाका होते. तेही असेच चालायचे. सगळे म्हणायचे, जन्मभर टपाल वाटलंय, पायांना सवय आहे. मागच्या महिन्यात फाटक उघडं मिळालं तसे चालत बाहेर पडले."

"मग?"

"कालव्यात सापडले."

३

वरच्या वॉर्डाच्या सिस्टर कामाला वाघ होत्या. बोलता बोलता त्यांनी दोन उशांचे अभ्रे बदलले, एकाला औषध पाजलं, आणि चौकशीबाईंचं दुखणं चालीवरून ओळखून गुडघ्याला शेक घ्यायला बजावलं.

"तो मेला गालिचा गेला ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "कडेकडेनं नुसता सुतळीचा सांगाडा उरला होता. मीच कंपनीवाल्यांच्या कानावर घातलं, की कोणीतरी पाय अडकून पडेल. भला माणूस. लगेच नवी फरशी मंजूर करून आणली."

बैठकीच्या खोलीत जिथं गालिचा होता तिथं फरशीवर फिकट चौकोन दिसत होता. त्याच्या कडेकडेनं माणसं फिरत होती, एकामागून एक, न बोलता. बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चौकशीबाईंनी आयुष्यात बरीच विचित्र ठिकाणं पाहिली होती, पण इथं त्या दारातच थबकल्या.

"यांना काय झालंय?"

"आजारच तसा," सिस्टर म्हणाल्या. "अस्वस्थता. कंपनीनं आम्हाला शिकवायला माणूस पाठवला होता. अस्वस्थता दिसली की आजाराच्या खात्यात गुण वाढवायचे. गुण वाढले की डोस वाढवायचा. सोपं आहे."

"आणि औषधाच्या खात्यात?"

"तिथं उलटी, चक्कर, पुरळ असलं काय ते." सिस्टर अभ्रा झटकत होत्या. "चालण्याला रकाना नाही."

शिवणबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. चाळिशीच्या, हडकुळ्या, केस नीट विंचरलेले. चौकशीबाई लंगडत त्यांच्या बाजूनं चालू लागल्या.

"दमत नाही का हो?"

"दमते की. तळपाय सोलून निघालेत. पण बसलं की आतून कोणी ढोसतंय असं होतं. उभं राहवत नाही, निजवत नाही. हाडातून मुंग्या फिरतात." बोलणं अगदी स्वच्छ होतं. "तुम्ही गालिच्यासाठी आलात ना? तो डॉक्टरांनी नेला."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"मोठ्या. रविवारी. मी खाली जाऊन परत वर आले होते, खाली चालायला जागा नव्हती म्हणून. गुंडाळी करून खांद्यावर टाकून नेला."

चौकशीबाईंनी मागं वळून पाहिलं. सिस्टरनी हळूच मान हलवली आणि कपाळाजवळ बोट फिरवलं. रोज काहीतरी नवीन सांगतात, असा त्या खुणेचा अर्थ होता.

चौकशीबाईंनी समजून मान डोलावली आणि ते बोलणं तिथंच सोडून दिलं. दिवसभरात त्यांच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

४

कंपनीवाला दवाखान्याच्या उपाहारगृहात भेटला. हसरा, इस्त्रीचा, समोरच्याची खुर्ची आधी ओढून देणारा. त्याच्याशी बोलताना माणसाला उगाचच आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

"गालिचा?" तो हसला. "बाई, कॉफी घ्या आधी. गालिचा चोरून मी काय घरी अंथरणार?"

"तुम्ही तो पाहिला होता?"

"पाहिला तर! म्हणून तर फरशीचं बघितलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. फाटका गालिचा बरा दिसतो का?"

"तो इतका कशानं झिजला असेल, असं तुमच्या मनात नाही आलं?"

"झिजतात गालिचे. त्याचा आमच्या गोळीशी काय संबंध?"

चौकशीबाई कॉफी ढवळायच्या थांबल्या. "गोळीचं नाव मी अजून काढलंच नाही."

हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र बदलले. "म्हणजे, तुम्ही वरच्या वॉर्डाचं बोलताय म्हणून..."

"नव्या औषधानं बसवत नाही, असं होऊ शकतं का?"

"सगळ्याच औषधांचे थोडेफार परिणाम असतात. पण चालणं हे आजाराचं लक्षण आहे. मी म्हणत नाही, आमचे तज्ज्ञ म्हणतात. त्यांचे लेखच आहेत तसे."

"तज्ज्ञांना पगार कोण देतं?"

"बाई, तुम्ही फार गमतीदार बोलता," तो उठत म्हणाला. मग वाकून, अगदी जवळच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "एक विचार करा. मला तो गालिचा नको असता, तर मी चोरला कशाला असता? सोमवारी कामगार आलेच असते. आपोआप गेला असता."

तो निघून गेला आणि चौकशीबाई तिथंच बसून राहिल्या. त्या माणसाचा त्यांना मनापासून राग आला होता. पंचाईत अशी, की तो बोलला ते खरं होतं.

५

चौकशीबाई खालच्या वॉर्डाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसल्या. इथं माणसं खुर्च्यांवर बसलेली होती. कोणी पेंगत होतं, कोणी पत्ते खेळत होतं, एक आजोबा एकटेच खिडकीशी भांडत होते. आजारी इथलीही माणसं होतीच. पायाखाली वरच्या गालिच्याचा जुळा भाऊ पसरला होता. थोडा मळलेला, एका कोपऱ्यात चहा सांडलेला, पण धड होता.

गुडघ्यावर हात फिरवत त्यांनी मनाशी जुळवाजुळव सुरू केली.

दोन गालिचे, एकच वय. वरचा कडेकडेनं झिजला, खालचा शाबूत राहिला. वर आणि खाली फरक काय? आजारी दोन्हीकडे. खोल्या सारख्या. फरक फक्त गोळीचा. म्हणजे त्या फाटक्या गालिच्यावर कोणालाही, अगदी अडाण्यालाही बघता येईल अशी गोष्ट उमटली होती. जी गोळी मन शांत करते म्हणतात, तीच या माणसांना बसू देत नव्हती. पोस्टमनकाकांच्या पायांना सवय होती म्हणे. पण शिवणबाईंच्या पायांना कसली सवय असणार?

हे ज्याला लपवायचं होतं त्याला हातपाय हलवायची गरज नव्हती. सोमवारपर्यंत गप्प बसलं की झालं. म्हणजे चोराला गालिचा नष्ट करायचा नव्हता. चोराला तो जपायचा होता.

जपायचा कोणाला? धाकटीला हवा असता, पण तिला वर जायची परवानगी फक्त भेटीच्या वेळेत. एवढं धूड घेऊन ती फाटकातून जाणार कशी? सिस्टरना तर तो नकोच होता. उरलं कोण?

आणि मग त्यांना दार आठवलं. फुगलेलं दार चौकटीत अडतं. ते दार खालून घासत होतं. बरं, तो त्रास जुना म्हणावा, तर इतके दिवस घासून गालिच्यावर अर्धगोल पट्टा पडायला हवा होता. तिथली लव तर ताजी होती. म्हणजे जमीन अलीकडेच वर आली होती. गालिच्याखाली काहीतरी अंथरलं होतं.

चौकशीबाईंचा चेहरा लाजेनं गरम झाला. दार, लव, गुण, रकाने, एवढी डोकेफोड करायची गरजच नव्हती. अख्ख्या दवाखान्यात एका बाईनं त्यांना विचारल्याबरोबर सरळ उत्तर दिलं होतं. ती वरच्या वॉर्डातली होती, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ते कानाआड केलं होतं.

घड्याळ सहाकडे सरकत होतं. संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ होत आली होती.

६

त्यांनी मोठ्या डॉक्टरांचं दार रेटलं, आत गेल्या, आणि नमस्कार वगैरे न करता खाली वाकून गालिच्याची कड उचलली. खाली दुसरा गालिचा होता. कडेनं सुतळ्या निघालेला.

डॉक्टर उठले नाहीत. उलट त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"सापडला म्हणायचा," ते म्हणाले. "आता लिहा. सगळं लिहा."

"स्वतःच चोरायचा आणि स्वतःच चौकशी लावायची? हा काय पोरखेळ आहे?"

"मला बोलता येत नाही हो. करारावर सही आहे माझी. चाचणीतलं काहीही कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही. पोस्टमन गेले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मग फरशीचं निघालं तेव्हा मी तो गालिचा नीट पाहिला. रात्रंदिवस डोळ्यांसमोर होता आणि कधी पाहिला नव्हता." त्यांनी चष्मा काढला. "बाहेरच्या माणसानं शोधून काढलं असतं, तर मला फक्त हो म्हणावं लागलं असतं."

"म्हणजे माझ्या तोंडून तुम्ही बोलणार होता."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि शिवणबाई? त्यांच्या दुप्पट गोळीवर सही कोणाची आहे?"

"माझीच. आज सकाळची. चाचणीच्या नियमात तसंच बसतं. नाही केली तर कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की..."

"की सगळं बाहेर येतं." चौकशीबाईंचा आवाज चढला. विमा कंपनीत त्यांनी लुच्चे लोक चिक्कार पाहिले होते. त्यांच्यावर त्या कधी चिडत नसत. पण हा माणूस लुच्चा नव्हता, आणि त्याचाच त्यांना संताप आला. "तुम्हाला ठाऊक आहे, तरी तुम्ही त्या बाईला आणखी चालवणार. का, तर माझा अहवाल टाइप होऊन येईपर्यंत तुमची अब्रू झाकलेली राहावी! मी नाही लिहीत जा. तुमच्या विश्वस्तांना बोलवा, दोन्ही गालिचे शेजारी शेजारी पसरा, आणि काय ते तुमच्या तोंडानं सांगा. आणि त्याच्याआधी वर चला. आत्ता."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

डॉक्टर थोडा वेळ टेबलावरच्या त्या छापील पेनाशी चाळा करत बसले. मग त्यांनी फोन उचलून कंपनीवाल्याला लावला. "वरच्या वॉर्डात आजपासून कोणाचाही डोस वाढणार नाही," ते म्हणाले. "जो आहे तो मी उतरवतोय. कारण लेखी देतो." पलीकडून कंपनीवाल्याचा आवाज शांतपणे समजूत घालत होता. सर, घाई नको, सर, हे आजाराचंच आहे, सर, आपले जुने संबंध. डॉक्टरांनी मध्येच फोन ठेवून दिला.

७

सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन नुकत्याच खोलीत शिरल्या होत्या. धाकटी दाराशी उभी होती. आज तिला हाकलायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"सिस्टर, वाढीव डोस द्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे तोही कमी करायचाय. एकदम बंद नाही, त्यानं आणखी त्रास होईल. हळूहळू. प्रत्येकाचं मी बघून सांगतो."

"पण सर, यांची अस्वस्थता तर..."

"ती आपण देतोय."

सिस्टर ट्रे हातात धरून उभ्याच राहिल्या. पोस्टमनकाकांना शेवटचा डोस त्यांनीच दिला होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि तोंड फिरवलं.

शिवणबाई खिडकीकडून वळून येत होत्या. डॉक्टर पुढे झाले. "बाई, जरा बसता का? तुमच्याशी बोलायचंय," ते सवयीनं बोलून गेले, आणि बोलल्यावर आपलेच शब्द त्यांना लागले. शिवणबाई थांबल्या नाहीत. मग डॉक्टरच त्यांच्या बाजूनं चालू लागले.

"हे चालणं तुमच्या आजाराचं नाही," ते म्हणाले. "माझ्या औषधाचं आहे. मला शंका होती. तरी मी आज सकाळी तुमचा डोस दुप्पट केला."

एक फेरी तशीच गेली.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं?" शिवणबाईंनी विचारलं.

"नाही. तुमचा नवरा गेला. तुम्हाला दुःख झालं होतं, झोप उडाली होती. त्याला मदत हवी होती, आणि ती आम्ही धड केली नाही."

शिवणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. थांबताच येत नव्हतं. धाकटी दाराशी तोंडात पदर कोंबून रडत होती.

"मला कधी बसता येईल?"

"बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं." डॉक्टरांना धाप लागली होती. "पण खात्री देता येत नाही. काहींचं फार दिवस राहतं."

शिवणबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

"मग तोवर तुम्हीही चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांच्या खिशात फोन वाजायला लागला. थोडा वेळ वाजला, बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. त्यांनी तो काढला नाही. ते शिवणबाईंच्या बाजूनं, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत, खोलीच्या कडेकडेनं चालत राहिले.